विंगमास्तर पहिल्या रांगेत

गावात त्यांना कोणी पंपवाले म्हणत नसे, सगळे विंगमास्तर म्हणत. पोटासाठी त्यांनी तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये ड्युटी केली होती. चार मोठ्या मोटारी, दर तासाला प्रेशरचा काटा बघून वहीत आकडा लिहायचा, व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. पण त्यांचा जीव होता तो नाट्यमंडळाच्या डाव्या विंगेत. तिथे एका बुटक्या स्टुलावर, मांडीवर संहिता आणि शेजारी कागद गुंडाळून मंद केलेला दिवा घेऊन ते बसत आणि नट अडला की त्याला शब्द पुरवत.

शब्द पुरवणं म्हणजे नुसतं वाचून दाखवणं नव्हे, हे ते नव्या पोरांना आवर्जून सांगत. पूर्ण वाक्य कधी द्यायचं नाही. पहिले दोन शब्द, फार तर तीन. तेही आवाज न करता, नुसत्या श्वासावर. सात-आठ पावलांवरच्या नटाला ते बरोबर पोचायचे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ताही लागत नसे. नट मुद्दाम थांबलाय की खरंच अडलाय हे ते त्याच्या खांद्यांवरून ओळखत. मुद्दाम थांबलेल्याचे खांदे खाली असतात, अडलेल्याचे वर येतात. यात ते कधी चुकल्याचं मंडळातल्या कोणाला आठवत नव्हतं.

पंपहाऊसने त्यांना पगार दिला आणि कान घेतले. मोटारी चालू असल्या की तिथे ओरडूनही उपयोग नसे. माणसं ओठ हलवून आणि हातवारे करून एकमेकांशी बोलत. कानात घालायचे बोळे साहेबाच्या कपाटात होते, ते तिथेच राहिले. विंगमास्तर निवृत्त झाले तेव्हा कानातली एक बारीक शिट्टी बरोबर घेऊनच घरी आले. मग हळूहळू शब्दांच्या कडा झिजल्या. आवाज यायचा, पण शब्द उमटायचा नाही. कोणी ‘सात’ म्हणालं की ‘हात’, हे ओठ दिसले तरच कळायचं. समोरासमोर असलं की भागायचं. अंधारात, फोनवर किंवा चालत्या गाडीत काही खरं नसे.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. फोनची लाईन खराब होती, टीव्ही जुना झाला होता, हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलत होती. बायकोला मात्र ठाऊक होतं. तिने सव्वीस वर्षं बालवाडीत शिकवलं होतं. लहान मुलांशी बोलताना खाली बसायचं, त्यांच्या डोळ्यांसमोर यायचं आणि मग एकेक शब्द सुटा करून बोलायचं, ही तिच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. तेच ती आता नवऱ्याशी करायची. विषय मात्र तिने कधी काढला नाही. काढला असता तर ते चिडले असते, आणि चिडले नसते तर त्याहून वाईट वाटलं असतं.

दर वर्षी मंडळ दोन दिवस शहरात नाटकं बघायला जायचं. शनिवारी दोन, रविवारी एक. एके काळी मिनीबस भरून माणसं असायची आणि खिडकीच्या जागेवरून रुसवेफुगवे व्हायचे. पुढे कोणी वारलं, कोणी मुलांकडे राहायला गेलं, कोणाच्या गुडघ्यांनी संप पुकारला. या वर्षी एका मोटारीत मावतील एवढीच उरली. गाडी होती केमिस्टची. त्यांचं चौकात औषधांचं दुकान, पण मंडळाची सगळी नाटकं तीस वर्षं त्यांनीच बसवलेली. बरोबर त्यांची मोठी बहीण. तिला सगळे ताई म्हणत. वीस वर्षं मंडळाची नायिका आणि त्यानंतर नायिकेची आई. शिवाय विंगमास्तर आणि त्यांची बायको.

या खेपेला शहरात जाण्याला कारणही होतं. मंडळाला चाळीस वर्षं होत होती, त्यानिमित्त आपलं जुनं गाजलेलं नाटक पुन्हा करायचं असं केमिस्टनी ठरवलं होतं. कारखान्याला आग लावल्याच्या आरोपावरून अकरा वर्षं तुरुंगात काढून घरी परतलेल्या बापाचं नाटक. योगायोग असा की शहरातल्या एका नव्या संचाने तेच नाटक बसवलं होतं आणि त्याचा बोलबाला होता. शनिवारी दुपारी एक विनोदी नाटक, पाच वाजता हे नाटक, आणि रविवारी सकाळी आणखी एक, असा बेत होता.

विंगमास्तरांनी त्यासाठी आठ दिवस तयारी केली. जुनी संहिता कपाटातून काढली, तिच्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा पुन्हा ठळक केल्या आणि रोज सकाळी गच्चीत बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुटपुटत वाचली. बायको विचारायची, बघायलाच तर जायचंय, पाठ कशाला करताय? ते म्हणायचे, अगं, पुढे स्टुलावर मलाच बसायचंय ना. ते खरं होतं, पण अर्धंच. ऐकू आलं नाही तरी कुठे काय चाललंय ते कळलं पाहिजे, हा खरा हिशेब. त्याच हिशेबाने त्यांनी या नाटकाची चारही तिकिटं पहिल्या रांगेतली काढायला लावली. केमिस्ट कुरकुरले होते. पहिल्या रांगेत मान दुखते आणि नटांचे नुसते जोडे दिसतात, म्हणाले. विंगमास्तरांनी ऐकलं नाही.

शनिवारी पहाटे निघाले. विंगमास्तर पुढे बसले होते, काच खाली होती आणि वारा भरभरून आत येत होता. केमिस्ट रस्त्यावरची नजर न हलवता बोलत होते. पेपरात त्या नाटकाबद्दल भलंमोठं आलं होतं, तेच ते सांगत होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगी बापाला विचारते, आग तुम्हीच लावलीत का? आपल्याकडे बाप ताबडतोब उत्तर द्यायचा. इथे नट पाऊण मिनिट गप्प उभा राहतो. एक शब्द नाही, हालचाल नाही. शहरातली माणसं केवळ त्या पाऊण मिनिटासाठी नाटक दुसऱ्यांदा बघतायत म्हणे.

“मास्तर, तू तर ती जागा डोळ्यांत तेल घालून बघ,” केमिस्ट म्हणाले आणि हसले.

विंगमास्तरांनी हसून मान डोलावली. “हो तर, बघायलाच पाहिजे,” म्हणाले.

मागच्या सीटवरून बायकोने ती मान बघितली. किंचित उशिरा हलली होती. पुढे झुकून त्यांना सगळं पुन्हा सांगावं असं तिच्या मनात आलं. पण त्या वाऱ्यात सांगायचं म्हणजे कानाशी जाऊन ओरडायला हवं होतं, आणि शेजारी ताई बसल्या होत्या. पोचल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. पोचल्यावर लॉजच्या खोल्यांचा घोळ निघाला, मग जेवण, मग पहिल्या नाटकाची धावपळ, आणि ते राहूनच गेलं. त्याबद्दल तिने स्वतःला नंतर कधी माफ केलं नाही.

दुपारचं विनोदी नाटक अकराव्या रांगेतून बघितलं. नाट्यगृह हशांनी दणाणत होतं. विंगमास्तरही हसत होते, पण प्रत्येक वेळी शेजाऱ्याचे खांदे हलल्यावर. एकदा सगळे हसायचे थांबले आणि हे एकटेच हसत राहिले. पुढच्या रांगेतल्या मुलीने मागे वळून बघितलं. त्यांनी रुमाल काढून खोकल्याचं निमित्त केलं. बाहेर आल्यावर चहा घेताना केमिस्टनी नेहमीप्रमाणे त्यांचं मत विचारलं. विंगमास्तरांचं मत म्हणजे मंडळात परीक्षा असायची. कोणाचा उच्चार घसरला, कोणी वाक्याची शेपटी खाल्ली, सगळं ते बोटांवर मोजून सांगत. आज म्हणाले, “प्रकाशयोजना छान होती.” केमिस्टना गंमत वाटली. मास्तर म्हातारा झाला, तोंडाची धार गेली, असं ते ताईंना म्हणाले. विंगमास्तर चहा फुंकत होते.

पाच वाजता चौघं पहिल्या रांगेत जाऊन बसली. जागा अगदी मधोमध. पडदा वर गेला आणि बायकोने बघितलं की नवऱ्याचा चेहरा निवळलाय. इथून ओठ दिसत होते. जिथे ओठ दिसत नव्हते तिथे पुढची ओळ पाठ होती. आठ दिवसांची मेहनत फळाला आली होती. पहिल्या अंकात ते बरोबर सगळ्यांच्या बरोबरीने हसले, एके ठिकाणी तर सगळ्यांच्या आधी दाद दिली, आणि मधेच तिच्याकडे वळून डोळे मिचकावले. गेल्या दोन वर्षांत त्यांना इतकं खुशीत तिने पाहिलं नव्हतं. मग तीही जरा सैल बसली. पेपरातली ती गोष्ट तिच्या डोक्यातून पार गेली.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलीचं काम करणारी नटी पुढे आली. बापाचं काम करणारा उंच, हाडकुळा नट खुर्चीमागे उभा होता.

“बाबा, आग तुम्हीच लावलीत का?”

तो गप्प उभा राहिला. नाट्यगृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. त्याची नजर पोकळीत अडकली होती, हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट होते, आणि शब्द सापडत नसलेल्या माणसासारखे त्याचे खांदे हळूहळू वर आले. हाच त्याचा अभिनय होता, याचीच शहरभर चर्चा होती. विंगमास्तरांना मात्र समोर एक अडलेला नट दिसला. असे अडलेले नट त्यांनी तीस वर्षं बघितले होते. विचार करायला अशा वेळी सवड नसते. ते खुर्चीच्या टोकाशी सरकले, तोंडाशी हात आडवा धरला आणि शब्द दिला.

“मीच लावली.”

आपला श्वास आपल्याला जाणवेपर्यंत त्यांनी तो दाबून बाहेर काढला होता, आणि त्यांना जाणवेल एवढा तो व्हायचा म्हणजे सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाणारच होता. बायकोने त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. नट शब्द घेत नव्हता. म्हणजे पोचला नसणार.

“मीच लावली आग! मीच लावली.”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बाल्कनीतून आवाज आला, “अहो, त्यांना स्वतःला सांगू द्या की.” आणि सबंध नाट्यगृह फुटलं. नटाने मान खाली करून सरळ विंगमास्तरांकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते बायकोला पुढे कित्येक महिने दिसत राहिलं. विंगमास्तरांना तो आभार मानतोय असं वाटलं. त्यांनी हसून, मान हलवून त्याला धीर दिला. नटाने अखेर वाक्य म्हटलं, “मीच लावली,” आणि त्यावर पहिल्यापेक्षा मोठा हशा उसळला. पडदा पडला. मध्यंतर झालं.

विंगमास्तर बायकोकडे वळले. चेहरा उजळला होता.

“वाचवला,” ते म्हणाले. तेसुद्धा चार रांगांना ऐकू गेलं.

दिवे लागल्यावर माणसं उठली ती त्यांच्याकडे बघतच. काही जण हसत होते, काही खरंच संतापले होते. एका बाईने जाता जाता सांगितलं की आम्ही लांबून आलोय, महिनाभर आधी तिकीट काढून. विंगमास्तरांनी तिला नमस्कार केला. दोन मिनिटांत नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले. काळी बंडी घातलेला, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी एकदा रांगेवरून नजर फिरवली आणि केमिस्टना विचारलं की हे गृहस्थ आपल्याबरोबर आहेत का?

केमिस्टच्या हातात नाटकाचं माहितीपत्रक होतं. ते त्यांनी उलटं करून मागची बाजू वाचायला घेतली. ताई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

“माझ्याबरोबर आहेत,” बायको म्हणाली. “माझे मिस्टर आहेत.”

व्यवस्थापकांनी हात जोडले. नटांनी निरोप पाठवलाय, म्हणाले, पुढचा अंक करायचा तर त्यांना समोर बसवू नका. आपण मागे बसलात तरी चालेल, किंवा बाहेर लॉबीत बसा, चहा पाठवतो. बायको उठली. नवऱ्याचा हात धरून ती दाराकडे चालू लागली. केमिस्ट आणि ताई जागेवरच होती.

लॉबीत एक लांब बाक होता. वर भिंतीवर जुन्या नटनट्यांचे फ्रेम केलेले फोटो. समोर चहाच्या काउंटरपाशी ही गर्दी. विंगमास्तर बसले आणि त्यांनी विचारलं, तो माणूस काय म्हणत होता, चहा कशाला? बायकोने आजूबाजूला बघितलं. जे सांगायचं ते मोठ्याने सांगितलं तर सगळी लॉबी ऐकणार होती. मग ती त्यांच्यासमोर पायरीवर खाली बसली, अगदी बालवाडीत बसायची तशी, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलू लागली.

“तो अडला नव्हता.”

“कोण?”

“तो नट. मुद्दाम थांबला होता. नाटकात तसंच बसवलंय.”

“खांदे वर होते त्याचे,” ते म्हणाले. काउंटरपाशी दोघातिघांनी वळून बघितलं.

“अभिनय होता तो.”

विंगमास्तर काही वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिले, ओठ हलायचे थांबले होते तरी.

“मग लोक हसले ते?”

तिने सौम्य शब्द शोधले, पण नुसत्या ओठांनी बोलताना सौम्य शब्द सापडत नाहीत.

“तुम्हाला हसले. तुमचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. अगदी बाल्कनीपर्यंत.”

“मी श्वासावर दिला होता.”

तिने मान हलवली. नाही.

त्यांनी हात वर करून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि काहीतरी पुटपुटून बघितलं. पंपावर हात ठेवून मोटार चालू आहे की बंद ते बघतात तसं. मग हात खाली घेतला.

“हे कधीपासून?” त्यांनी विचारलं. या वेळी त्यांनी इतकं जपून विचारलं की तिलाही ओठांवरूनच कळलं.

“दोन वर्षं तरी झाली.”

“गेल्या वर्षीच्या एकांकिका? तेव्हा?”

खोटं बोलता आलं असतं. पण ते इतक्या जवळून बघत होते.

“तेव्हा पण. चौथ्या-पाचव्या रांगेपर्यंत येत होता आवाज.”

“मंडळात ठाऊक होतं?”

“सगळ्यांना.”

“आणि कोणी बोललं नाही.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

त्यांनी मान खाली घातली. आता त्यांच्याशी बोलण्याची सोयच उरली नाही. चहा आला आणि बाकावर थंड झाला. आतून अधूनमधून टाळ्या ऐकू येत होत्या. बायकोला ऐकू येत होत्या.

नाटक संपल्यावर केमिस्ट आले ते तावातावाने. मी गाडीत सांगितलं होतं, म्हणाले. जागासुद्धा सांगितली होती, आणि तू मान डोलावलीस. विंगमास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे बघत सगळं नीट वाचून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “सांगितलं होतंस?” ताई म्हणाल्या, जाऊ द्या आता, झालं ते झालं. पण केमिस्टच्या मनातलं निराळंच होतं. प्रयोगानंतर मागे जाऊन त्या नटाला भेटायचं, आम्हीही हेच नाटक करतोय म्हणून चार गोष्टी विचारायच्या, जमलं तर एक फोटो काढायचा, असं त्यांनी महिनाभर योजून ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडाने जाणार? रात्रीच्या जेवणापर्यंत ते हेच घोळवत होते. वाईट माणूस नव्हे. पण चाळीस वर्षांत एकदा शहरातल्या रंगमंचाच्या मागे जायची संधी आली होती आणि ती गेली, हे त्यांना पेलत नव्हतं.

सकाळी लॉजच्या खाली नाश्ता करताना केमिस्ट निवळलेले होते. रात्रभर विचार करून आले असावेत, कारण आज त्यांनी खुर्ची विंगमास्तरांच्या अगदी समोर ओढून घेतली आणि सावकाश, तोंड मोठं उघडून बोलू लागले. या खेपेला आपण प्रॉम्प्टर ठेवायचाच नाही, म्हणाले. आता सगळीकडे पाठच करतात. पोरांनाही शिस्त लागेल. तू आपला समोर बस, मानाच्या खुर्चीवर. तुझा सत्कारही करू, तेहतीस वर्षांचा.

“तीस,” विंगमास्तर म्हणाले. “तेहतीस पंपहाऊसची.”

“बरं, तीस.”

“सत्कार नको.”

केमिस्ट विंगमास्तरांच्या बायकोला वहिनी म्हणत; त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी पावावर लोणी लावत होत्या. तो पाव नंतर कोणी खाल्ला नाही.

रविवारच्या नाटकाला विंगमास्तर येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं, पण ते आले. तिकीट आहे तर वाया कशाला, म्हणाले. फक्त जागा बदलून घेतली. अगदी मागची रांग, डावीकडचं शेवटचं टोक. बायको त्यांच्याजवळ जाऊन बसली. नाटक बरं असावं. तिला एक वाक्य धड कळलं नाही, कारण ती सारखी त्यांच्याकडे बघत होती, आणि ते रंगमंचाकडे बघतच नव्हते. त्या टोकावरून समोरची विंग आतपर्यंत दिसायची. ते तिकडे बघत होते. विंगेत कोणी नव्हतं. एक पाण्याची बाटली होती, वाळूची लाल बादली होती आणि खिळ्याला लटकवलेला कोणाचा तरी कोट. स्टूल नव्हतं, दिवा नव्हता. दोन तास नट बोलत राहिले आणि कोणी अडलं नाही.

परतीच्या प्रवासात ते मागे बसले. ताईंनी एकदा त्यांना विचारलं, उलटी होतेय का? त्यांनी न कळताच मान डोलावली आणि केमिस्टनी घाबरून गाडी कडेला घेतली.

पुढच्या आठवड्यात बायको त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते निमूटपणे गेले, आणि तिला त्याचीच भीती वाटली. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. कानातली नस मेलीय, म्हणाले, ती काही परत येत नाही. दहा वर्षं आधी आला असतात तर निदान आहे तेवढं राखता आलं असतं. मशीन दिलं. मशीनमधून त्यांना पंख्याची घरघर ऐकू आली, ताटावर चमचा आपटल्याचा आवाज ऐकू आला, रस्त्यावरचा हॉर्न तर मेंदूत घुसला. शब्द मात्र आला नाही. सव्वा महिना त्यांनी ते वापरलं. मग ते टेबलाच्या खणात गेलं.

संहिता त्यांनी बायकोच्या हाती केमिस्टकडे पाठवून दिली. तीस वर्षांच्या खुणा होत्या तिच्यात. कोण कुठे श्वास घेतो, कोणाची जीभ कुठे अडखळते, कुठे नट घाईने पुढचं वाक्य आधी बोलतो. केमिस्टनी ती चाळली आणि म्हणाले, या खुणा आता कोणाला कळणार? तरी ठेवून घेतली.

मंडळाचा प्रयोग एका रविवारी दुपारी झाला. विंगमास्तर म्हणाले की पाय दुखतायत, तू जाऊन ये. तिने आग्रह केला नाही. सभागृह तीनचतुर्थांश भरलं होतं. पहिला अंक ठीक चालला. दुसऱ्या अंकात आईचं काम करणाऱ्या ताई सूनबाईला समजावत होत्या, आणि वाक्याच्या मधोमध थांबल्या. क्षणभर कोणाला काही वाटलं नाही. मग बायकोने त्यांचे खांदे बघितले. ताईंनी डावीकडे मान वळवली, विंगेकडे. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा समोर बघितलं, पुन्हा विंगेकडे. बायकोला ती ओळ येत होती. आठ दिवस गच्चीतून ऐकली होती तिने. ती सातव्या रांगेत होती आणि तिने ती दिली नाही. ताईंनी दोन पानं गाळून भलतंच वाक्य घेतलं, सुनेचं काम करणारी मुलगी गोंधळली, एक प्रवेश तसाच विस्कटून संपला. बाहेर केमिस्ट सगळ्यांना सांगत होते, निभावलं बरं का, लोकांना कळलंसुद्धा नाही. ताई कपडे न बदलताच घरी निघून गेल्या.

घरी पोचेपर्यंत बायकोचं ठरलं होतं. खरं सांगितलं तर हा माणूस तळमळेल. मी असायला हवं होतं म्हणेल, रात्र रात्र झोपणार नाही. आधीच सोसलंय तेवढं पुष्कळ झालं.

विंगमास्तर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तिने चपला काढल्या, पर्स ठेवली आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. त्यांनी आधी तिच्या डोळ्यांकडे बघितलं, मग ओठांकडे.

“कोणी अडलं?”

“नाही,” ती म्हणाली. “सगळ्यांचं चोख पाठ होतं.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

ते अजून बघत होते, जणू या वाक्याला पुढे काही जोडलेलं असेल. मग त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला थोडा पुढे सरकवला, थोडा मागे घेतला.

“म्हणजे चालतंच की,” ते म्हणाले. “आधीही चाललं असतं.”

तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं. त्यांना काय ऐकायचं होतं ते तिला आत्ता दिसलं, आणि तेच तर तिच्याजवळ होतं, खरंखुरं, तिच्या डोळ्यांनी बघितलेलं. ती घाईघाईने सांगू लागली. ताई अडल्या होत्या, दुसऱ्या अंकात, तुमच्या विंगेकडे दोनदा बघितलं त्यांनी. ते तिच्या ओठांकडे बघत होते आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक ओळखीचं हसू आलं. समजूत घालणाऱ्या माणसाला आपण देतो तसं.

“असू दे,” त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. “तू दमलीयस. मी चहा ठेवतो.”

ते उठून स्वयंपाकघरात गेले. ती मागून दोनदा म्हणाली, “खरंच अडल्या होत्या हो.” आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. पुढे तिने तो विषय आणखी दोन वेळा काढला, आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच हसू दिलं. मग तिनेही सोडून दिलं. त्या वर्षानंतर नाटकं बघायला शहरात कोणी गेलं नाही.